शिवरामच्या दारासमोरची पाटी

मी, पुतळा वामन मढवी, वय ७१, राहणार घणसोली गाव, नवी मुंबई. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि रागही. कोणाच्या दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते.

१. राहतं घर आणि वरच्या भाड्याच्या खोल्या मुलगा केतन याला. पाटल्या सून उन्नतीला.

२. दीर शिवराम, गावचे पंच, यांना काही नाही. माझ्या तिरडीला त्यांनी खांदाही द्यायचा नाही. कारण असं: गावात भांडण झालं की पोरगा गावदेवीपुढे नारळ ठेवून माफी मागतो, पंच विषय मिटवतात. तळवलीच्या मारामारीत एकाचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी केतनला उचललं. मी वकील बोलवू म्हटलं, तर शिवराम म्हणाले, घराची अब्रू जाईल. पोलीस ठाण्यात ते केतनला म्हणाले, "देवीपुढं मागतोस तशी सायबापुढं माफी माग, सही कर न् चल घरा." केतन तळवलीला गेलाच नव्हता. तरी काकाचा शब्द मोडवेना म्हणून न वाचता सह्या केल्या. चार महिने आत राहिला. पुढे निर्दोष सुटला, पण तोवर न्हावा शेवा बंदरातली नोकरी गेली होती आणि गावात नाव खराब झालं ते झालंच.

३. तळमजल्याचा गाळा केतनची केस लढलेल्या वकील संघप्रिया यांना, वकिली करतील तोवर बिनभाड्याने. अट एकच. शिवरामच्या दाराकडे तोंड करून मोठ्या अक्षरांत पाटी लावायची:

"पोरगा धरला तर आईबापांनी कारण लेखी मागावं. लगेच वकील बोलवावा. पोराने गप्प राहावं, तो त्याचा हक्क आहे. न वाचता सही करू नये. अठराच्या आतला असेल तर जन्मदाखला घेऊन जावं. चोवीस तासांत कोर्टापुढे नेलंच पाहिजे. पंचांना विचारू नये."

बँकेतली ठेव या पाटीसाठी. कोणी काढली, काळं फासलं, तर याहून मोठी लावावी.

४. डोकं फोडलं होतं शिवरामच्या मिथुनने, आणि ठाण्यात जाताना शिवरामला ते ठाऊक होतं. गेल्या महिन्यात मिथुनने स्वतः येऊन मला सांगितलं, रडला. मी म्हटलं, रडून काय उपयोग, माझ्या मृत्युपत्रावर सही कर. त्याला मी काही ठेवलेलं नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो असं वकीलबाई म्हणाल्या. कच्चा मसुदा सगळा वाचल्यावर तो म्हणाला, "काकी, बाबा मला घरात घेनार नाय." मी म्हटलं, "मंग त्यालाबी कलू दे, पोर घरात नसला का जेवन कसा लागतं."

लिहून देणार: पुतळा वामन मढवी (सही)

साक्षीदार:
गोजरा दत्तू म्हात्रे, शेजारीण (सही)
मिथुन शिवराम मढवी, पुतण्या (वाचून सही)

घणसोली, १२ जानेवारी २०२५