जोर लावा, बाबा

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तीही कुरकुरते, त्यामुळे दोघांचं छान जमलंय. तुझी नवी खोली कशी आहे? उजेड येतो का?

परवा तू फोन आपटलास. "घरात फिजिओथेरपिस्ट असताना बाबांना परक्याच्या हाती कशाला दिलंस?" म्हणालास. आई शेजारीच उभी होती, तिच्यासमोर हे सगळं सांगायचं नव्हतं. म्हणून लिहितेय. लिहायला बसते, उठते, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, परत बसते.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात छातीशी आखडलाय, हे तू पाहिलंसच. कोपर हळूहळू सरळ करायचं, ताण बसला की थांबायचं. मग मी म्हणायचं, "आता हात तुमच्याकडे ओढा, मी अडवते." त्यांनी जोर लावायचा, मग सैल सोडायचं. सैल सोडला की हात आधीपेक्षा जरा पुढे येतो. माझ्या दवाखान्यात लोकांचा येतो. बाबांचा येईना. ते जोरच लावत नव्हते. हात नुसता माझ्या हातात द्यायचे आणि छताकडे बघत पडायचे. दुखलं तरी हूं की चूं नाही.

डॉक्टरांनी बजावलंय, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. मला घास गोड लागेना. भाजी चिरतानाही त्यांचं कोपरच डोळ्यांसमोर. त्यात तुझा रोजचा प्रश्न, "किती सरळ झालं?" मी आपली म्हणायचे, "होतंय, होतंय."

होत नव्हतं काही.

गेल्या आठवड्यात मी ओरडले, दादा. बाबांवर. "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला सवयीने उजवा हात उचलू गेले. पुढचं लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाला घरी बोलावलं. त्याला आम्ही पैलवान म्हणतो, कारण अंगाने अगदी काडी आहे. मी दाराच्या पडद्यामागे उभी राहिले.

"लावा जोर, काका. घाबरताय की काय मला?"

बाबांनी त्याला एक सणसणीत शिवी हासडली. जीभ जड असूनही शब्द न् शब्द कळला. आणि ओढलं! पैलवान स्टुलासकट पुढे सरकला. मग सैल सोडल्यावर हात पुढे आला. जरासाच, पण आला.

मी पडदा सारून आत गेले तर बाबा ओशाळले.

"माझ्या वेळी का नाही लावलात जोर?"

बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "तुला... लागलं असतं."

आता रोज सकाळी पैलवान येतो आणि मी शेजारी बसते. हात शिवशिवतात, पण मध्ये घालत नाही. चहा देते, उशी सारखी करते. एवढं साधं बसणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

तू ये, दादा. कोपर किती सरळ झालं ते विचारू नकोस, समोर बस आणि हात पुढे कर. तुझ्यावर ते बिनदिक्कत जोर लावतील, शिव्याही घालतील. लागलं तर लागू दे.

बाबांची नुसती मुलगी होऊन बसायला शिकणारी,
तुझी धाकटी