हलकी सिस्टिम टाकली, बाबा

प्रिय बाबा,

काल तुमच्या लॅपटॉपवर नवी, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मराठी नीट उमटतं की नाही ते बघायला आई म्हणाली, "काईतरी लिहून पाह्य." काहीतरी लिहायला बसले आणि पहिले दोन शब्द 'प्रिय बाबा' हेच उमटले. आता ते पुसवत नाहीत. आई कागदाची रिमं आणायला गेली आहे, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घेते.

दुकान चालू आहे, बाबा. मी आईला म्हटलं होतं, जठारपेठेतल्या पत्रिकांच्या दुकानाला कुलूप लाव आणि माझ्याकडे अमरावतीला चल. तिथे जवळच, नांदगाव पेठेतली माझी नोकरी बरी आहे, दोघींचं सहज भागेल. ती म्हणाली, "अन् तिथं काय तुह्या घराची खिडकी पाहत बसू?" इतकी वर्षं तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने लोकांच्या लग्नपत्रिकांची प्रुफं वाचली, दोन बोटांनी टाइप करायलाही शिकली. तिला तेच काम हवं आहे. आणि काम म्हणजे तुमचा तो लॅपटॉप, गोगलगायीला लाजवणारा.

मी किती मागे लागले होते तुमच्या! रॅम कमी, प्रोसेसर म्हातारा, त्याच्या डोक्यावर एवढी जड सिस्टिम कशाला? लिनक्समधली एखादी हलकी टाकू, फुकट मिळते, पळायला लागेल. तुमचं उत्तर ठरलेलं. "पोरी, लगन काही आज संध्याकाळी नाही. पळून जायाचं कुठी?" या हट्टाचा मला तेव्हा राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला बोलू?

कारण त्याच लॅपटॉपने ऐन तेरवीला घात केला. कोरी पत्रिका तुम्ही कधी केली नाहीत. जुनी उघडायची, नावं बदलायची, झालं. मीही तसंच केलं. तुमच्या तेरवीच्या पत्रिकेसाठी आजीच्या तेरवीची पत्रिका उघडली. आजीच्या जागी तुमचं नाव टाइप केलं आणि सेव्ह केलं. ते नाव तिथे लिहिताना मला काय झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मग खाली 'विनीत' म्हणून तुमचं नाव होतं, ते काढून आईचं आणि माझं घातलं. पुन्हा सेव्ह केलं, तर चकती फिरत राहिली आणि लॅपटॉप जो गोठला तो बंद केल्यावरच सुटला. परत सुरू करून बघितलं, वरचं नाव बरोबर होतं. तशीच छापायला पाठवली. खालचा बदल आत गेलाच नव्हता. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारी आई त्या दिवशी प्रूफ वाचायला बसली नाही.

तुमच्या तेरवीला तुम्हीच लोकांना बोलावत होतात, बाबा. अगत्याने यावे, ही विनंती, आणि खाली तुमचं नाव. मी रडत रडत गठ्ठा फाडायला घेतला. आईने माझा हात धरला. "वाटून टाक. या घरचं बोलावणं आजवर त्यायच्याच नावानं गेलं. अजून एक खेप जाऊ दे." पातूरची मावशी पंगतीत बसता बसता म्हणाली, "भाऊजीनं सोता बोलावलं, मंग नाही कसं म्हणू?" दोघेतिघे हसले. मी वरणाची बादली घेऊन पुढच्या पानाकडे वळले.

नंतर आईच म्हणाली, "आता याले ठीक कर."

पेन ड्राइव्हवरून तीन सिस्टिम नुसत्या चालवून पाहिल्या, आतलं काहीही न पुसता. पहिली दिसायला देखणी, पण लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू झाला. दुसरी फारच हलकी, तिच्यात काही सापडेचना. आई म्हणाली, "हे तं घर खाली केल्यावानी दिसते." तिसरी साधी होती. तुमच्या सवयीचा मराठी कीबोर्ड तिच्यात बसला, प्रिंटरही कुरकुर न करता चालला. तीच ठरली. निवडणं सोपं होतं, बाबा. पुढचं नव्हतं.

तिला सगळी जागा हवी होती. पूर्ण डिस्क पुसू का, असं विचारून ती थांबली. पत्रिका मी आधीच दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या, तुमचे जुने फॉन्टसुद्धा. पण पडद्यावर वाट्टेल तसे पसरलेले तुमचे फोल्डर, आणि त्यांची ती नावं! 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच खरं'. मी आईला म्हटलं, "आई, यात बाबांनी ठेवलेलं काहीच जागेवर राहणार नाही." माझं बोट पुढे जाईना. आईने चष्मा लावला, तो प्रश्न प्रूफ वाचावं तसा अक्षर न् अक्षर वाचला आणि स्वतः बटण दाबलं.

आज सकाळी तिने दुकान उघडलं. उदबत्ती लावली, लॅपटॉप सुरू केला आणि चहा गाळायला वळली. ती परत येईपर्यंत लॅपटॉप तयार होता. मी टाळी वाजवली. आई उभीच राहिली. तिच्या हातात दोन कप होते, आणि मी सकाळचा चहा घेत नाही हे तिला माहीत आहे.

"एवढ्यात झालं?" म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि रडली. तेरवीलाही अशी रडली नव्हती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू त्यायच्या लय मांगं लागे, हलकं टाका, हलकं टाका. मी बी म्हटलं एकदा. तं म्हणे, हे लवकर सुरू झालं तं काम बी लवकर सुरू होते. मंग तुह्यासंगं बोलू कवा?"

बाबा, हे मला का नाही सांगितलं? घरी तर तुम्हा दोघांना धड चार वाक्यं बोलताना मी कधी पाहिलं नाही. मी तुम्हाला हट्टी म्हणत राहिले, आणि तुम्ही बायकोशी बोलायला रोजची तेवढी सकाळ राखून ठेवत होतात. हसून का होईना, एकदा सांगायचं होतं. मी त्या लॅपटॉपला हातही लावला नसता.

दुसरा कप मी प्यायले. साखर तुमच्या अंदाजाची होती, फार गोड.

उद्या मी अमरावतीला परत जाईन. पण आई दुकान उघडेल तेव्हा रोज फोन करीन. गोळ्या घेतल्या का, किती पत्रिका आल्या, असलं काही विचारणार नाही. ती बोलेल ते ऐकेन. तुमची जागा त्याने भरणार नाही, हे मला कळतं, तिला तर कळतंच. तरीही लॅपटॉप तयार झाला म्हणून मी तिच्या आधी फोन ठेवणार नाही.

तुमची,
रेणू