गेममधल्या घराला वारस नेमण्याबाबत

तथागतांना वंदन करून, मी केशरबाई सिताराम वाव्हळे, वय एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घरचेच, रा. पेडगाव, ता. जि. परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दबावाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने किराण्याचा हिशेब माझ्याशी ताडून बघावा.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. त्यात यजमान सिताराम गुरुजी यांनी हयातभर राहावे. पुढे मुलगा बुद्धभूषण व मुलगी सुकेशनी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भिंत घालू नये, विटा महाग आहेत.

२. पोस्टातली ठेव सुकेशनीला. शिलाई मशीन सून बबिताला; ती ते वापरणार नाही हे मला माहीत आहे, निदान त्यावर कपड्यांचा ढीग तरी ठेवू नये. विहाराला एक जाड सतरंजी द्यावी. पातळ आणली तर मी वरून बघेन.

३. ‘रानवस्ती’ या गेममधले माझे घर. हसू नये. सुकेशनीने शाळेतली पक्की नोकरी सोडली आणि पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत गेली, तेव्हापासून यजमान तिच्याशी बोलत नाहीत. “मास्तरकी सोडून पोरखेळ करायलीय,” एवढेच म्हणतात. पोर करते तरी काय, म्हणून मी तिच्याकडूनच तो खेळ शिकले. पुष्कळ अनोळखी माणसे एका रानात सोडलेली असतात. लाकूड-दगड गोळा करून, भूक-थंडी सांभाळून जगायचे.

पहिल्याच दिवशी समोरून माणूस आला. आपल्या रीतीप्रमाणे मी जवळ जाऊन जयभीम लिहिला. त्याने कुऱ्हाड मारली. फोनवर सुकेशनी हसून हसून लोळायला लागली.

“आई, अनोळखी दिसला की आधी झाडाआड व्हायचं गं!”

“दिसल्यावर बोलू न्हाई तर काय, भुतावानी उभं राहू?”

मी रीत सोडली नाही. लय कुऱ्हाडी खाल्ल्या. शेवटी त्याच माणसाने उलट जयभीम लिहिला. आता तो शेजारी राहतो आणि माझ्या कुंपणावर नजर ठेवतो. पंचशील घेतल्यामुळे मी हरणाला हात लावला नाही, भोपळे लावले. तिथे मला भोपळेवाली आजी म्हणतात.

४. या घराचे वारस यजमान सिताराम गुरुजी. शिकाऊ माणसाला सूचना: पहिल्या दिवशी माडी बांधायला निघू नये, एक खोली पुरे. खाट आधी टाकावी, म्हणजे खेळात मेल्यावर माणूस खाटेवरच परत उठतो; नाहीतर पुन्हा नदीकाठी उघडे-बोडके उभे राहावे लागते. सगळा माल अंगावर घेऊन हिंडू नये. आणि वर्गात बोलता तसे कुणाला बोलू नये. तिथे छडी त्यांच्याकडेही असते.

५. घरात वारसाचे येणे-जाणे नसले, मोडलेली लाकडे बदलली नाहीत, तर ते घर आपोआप ढासळते. त्यात सुकेशनीची खाट माझ्या खाटेला लागून आहे. माझ्या मागे ती तिथे एकटी बसू नये, एवढीच इच्छा. दाराच्या कुलपाचा गुप्त आकडा मी इथे लिहीत नाही. तो सुकेशनीकडे आहे. यजमानांनी तोंड उघडून विचारावा. बुद्धभूषणने मध्यस्थी करू नये.

६. हे कलम साक्षीदारांसमोर वाढवले. वरचे मी मोठ्याने वाचून होईपर्यंत यजमान पेपर उलटा धरून बसले होते. मग म्हणाले, “ते झाड तोडायला काय दाबावं लागतंय?”

शेजारचे दिनकरराव म्हणाले, “गुरुजी, आमाला काय इचारता? पोरीला इचारा की.”

“तुमी मरायच्या आधीच वारस कशाला करायलाव मला?” यजमान माझ्यावर ओरडले. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून “आई, बोल” असे आले. यांनी आधी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, “आई न्हाई, मी हाय. जेवलीस का?”

त्यांचे बोलणे अजून चालू आहे. म्हणून सह्या ओट्यावर बसून करत आहोत.

सही: केशरबाई सिताराम वाव्हळे

साक्षीदार:
१. दिनकरराव (शेजारी)
२. सिद्धोधन (विहार समिती)

स्थळ: पेडगाव
दि. २३ नोव्हेंबर २०२५