मागच्या सीटसाठी शॉक

६ ऑक्टोबर, सोमवार

मोटरसायकलच्या मागच्या डाव्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय. उजवा कोरडा आहे, पण सीट दाबून सोडली की गाडी तीनदा डुलते. एकदा खाली, एकदा वर आणि गप्प – असं व्हायला हवं. म्हणजे दोन्ही गेले. बदलायचे ते जोडीनेच. एक नवा, एक जुना असा संसार चालत नाही.

हिची पाठ कशाने गेली ते आता कळलं. मागच्या दौऱ्यात दुसऱ्या दिवशीच उतरली. 'माझी पाठ गेली, मी बसने घरी जाते,' म्हणाली आणि खरंच गेली. उरलेला रस्ता मी रिकामी सीट घेऊन केला. डिसेंबरच्या दौऱ्याचं विचारलं तर म्हणते, 'बघू.'

लग्नापासून एकाही दौऱ्याला हिच्याशिवाय निघालेलो नाही. आताही निघायचं नाही. तेव्हा शॉक.

८ ऑक्टोबर

मेहुण्याच्या गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, 'भाऊजी, गाडीबरोबर आले होते तसलेच टाका आणि मोकळे व्हा.' विचारलं, स्प्रिंग किती कडक असते त्यांची? 'असते तेवढी असते!' इतकी वर्षं गाड्या खोलतोय, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पुस्तक समोर ठेवून इंजिन उतरवलं आणि परत बसवलं – एक नट उरला नाही. त्यामुळे 'असते तेवढी' हे उत्तर मला चालत नाही.

९ ऑक्टोबर

वाचन. कंपनीचे शॉक एका माणसाचा विचार करून बनवलेले असतात, दुसरा माणूस म्हणजे पाहुणा. माझ्या मागे बसते ती पाहुणी नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज माप घेतलं. दोघं बसल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली जाते, ते कळल्याशिवाय स्प्रिंग निवडणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. मी पुढे, ही मागे, आणि टेप धरायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर.

मास्तर म्हणाले, 'इंचात सांगू की सेंटिमीटरमध्ये?'

'मिलिमीटरमध्ये.'

'बरं बाबा.'

आकडा जुळेना. दर वेळी वेगळा. मान वळवून पाहिलं तर हिने एक हात भिंतीला टेकवलेला.

'हात काढ. तुझं वजन भिंतीत जातंय.'

'मग दौऱ्याला भिंतच न्या,' ही म्हणाली. मास्तर इतके हसले की टेप निसटली. पुन्हा पहिल्यापासून. एकदाचा खरा आकडा मिळाला. माझा अंदाज बरोबर होता: स्प्रिंग फारच मऊ. खड्डा आला की मागची बाजू तळाला टेकते आणि धक्का सरळ हिच्या मणक्यात.

१५ ऑक्टोबर

तीन जोड्या डोळ्यासमोर आहेत. पहिली मेहुण्याची – बाद. दुसरी दिसायला झकास, लाल स्प्रिंग, पण लांबी कमी. मागची बाजू बसकी होईल, वळणावर सायलेन्सर घासेल. तरुण पोरं रंग बघून घेतात आणि मग रस्त्याला दोष देतात. तिसरीत गॅसची वेगळी बाटली आहे, लांब पल्ल्यात तेल तापून पातळ होत नाही. स्प्रिंग वजन सांगून मागवता येते, ताण हाताने फिरवून कमीजास्त करता येतो.

तिसरी.

१६ ऑक्टोबर

मागवली. हिला सांगितलं. 'हो का,' म्हणाली. भाजी निवडत होती.

२९ ऑक्टोबर

आले. स्वतः बसवले. मेहुणा आला होता, हात मागे बांधून उभा राहिला. शेवटी म्हणाला, 'काम सोनारासारखं करता तुम्ही भाऊजी.' मग लगेच, 'वेळही सोनाराएवढाच लावता.' त्याला कौतुक सरळ करता येत नाही.

१ नोव्हेंबर

हिला घेऊन बाहेरच्या रस्त्याने चाचणी. परत आल्यावर विचारलं, कसं वाटलं?

'बरं आहे.'

'बरं हे माप नाही. दहापैकी सांग.'

'सहा.'

सहा! ताण दोन घरं कमी केला, पुन्हा फेरी. 'सहा.' परतीचा दाब बदलला, म्हणजे स्प्रिंग उसळून वर यायचा वेग. 'सहाच लिहा.' कशानेच फरक पडत नाही हे शक्यच नाही. विचारलं, पाठीत नेमकं कुठे दुखतं? म्हणाली, 'आत्ता नाही दुखत.' आत्ता दुखत नाही तर सहा का?

२ नोव्हेंबर

टायरची हवा तपासली. बरोबर आहे.

४ नोव्हेंबर

मेहुण्याला सगळे आकडे दाखवले. त्याने पाहिले, डोकं खाजवलं. 'भाऊजी, एक विचारू? तुम्ही कधी मागे बसलात?'

म्हटलं, माझ्या गाडीवर मी मागे कशाला बसू?

'ताईसाठी शॉक निवडताय ना? मग ताईच्या जागेवर कोण बसणार, मास्तर?'

राग आला. पण मुद्दा शास्त्रशुद्ध आहे. माझी गाडी आजवर दुसऱ्या कुणी चालवलेली नाही. रविवारी तो चालवणार. गिअर कसे टाकायचे ते त्याला सांगून ठेवलं. 'दोन्ही हातांनी टाकतो,' म्हणाला. वात्रट.

९ नोव्हेंबर, रविवार

घाटमाथ्यापर्यंत जाऊन आलो. मी मागे.

शॉक निर्दोष. मुद्दाम त्याला खराब पट्ट्यातून न्यायला लावलं. एकदा खाली, एकदा वर, गप्प. यापेक्षा चांगलं बसवता येणार नाही, हे मी लिहून देतो.

पण मागे बसून करायचं काय? हँडल नाही, ब्रेक नाही, समोर हेल्मेट. मेहुण्याच्या हेल्मेटवर मागे विळ्यासारखा एक ओरखडा आहे. जाता-येता तोच पाहिला. चहाची टपरी दिसली, थांब म्हणून ओरडलो. वाऱ्यात काही ऐकू गेलं नाही, टपरी मागे पडली. पाय आखडला तरी सांगायची सोय नाही. माथ्यावर पोचल्यावर हा मला म्हणतो, 'समोरून मुंगसांची जोडी पळाली, पाहिलीत ना?'

कुठली मुंगसं?

परत आल्यावर हिने दार उघडलं. 'किती देता? दहापैकी?'

शॉकना दहा, म्हणालो.

'शॉकना नाही विचारलं.'

हातपाय धुवायला गेलो.

१० नोव्हेंबर

आज मीच विचारलं – पाठ खरंच गेली होती का?

'नव्हती गेली,' ही म्हणाली. 'कंटाळा आला होता. दोन दिवस तुमच्याशी एक शब्द बोलता आला नाही. पण कंटाळा आला म्हटलं असतं तर तुम्ही गाडी थांबवली असती का?'

नसती थांबवली.

डिसेंबरला ती खिडकीची सीट घेऊन बसने येणार, मी गाडीने. संध्याकाळी मुक्कामावर भेटायचं, दिवसभरात काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं. अट तिची. कबूल केली.

दुपारी दोन्ही स्प्रिंगचा ताण एका माणसाच्या वजनाला उतरवला.