हात बसला

आई, तू गेलीस तेव्हा चाळीस वर्षांची होतीस. मी आता त्रेचाळीसची आहे, म्हणजे वयानं मी तुझी थोरली बहीण लागते. तेव्हा आज थोरलीसारखंच बोलणार आहे, मुकाट्यानं ऐकून घे. तुझ्या हातांविषयी बोलायचंय. इतकी वर्षं ते हात आठवून मी रडले, लेकीला त्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि एकदाही ते नीट बघितले नाहीत.

अजून डोळ्यांसमोर येतेस. सकाळचं आवरून शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पान उचलायचं, चिमूट भरायची, बिडी वळायची, दोरा मारायचा, आणि तोंडानं शेजारणीशी भांडण चालूच. मुठीच्या हाडांवर तुझ्या हरभऱ्याएवढ्या टणक गाठी. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी जाड शीर लागते ना हाताला, तीही सुजल्यासारखी. पण आपल्या गल्लीत धड हातपाय होते कुणाचे? कुणाचा खांदा धरलेला, कुणाच्या अंगठ्याला चीर. हाताच्या गाठी बिड्या वळून आल्या आणि पायाच्या मांडी घालून बसून, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

सातवीत असताना बाईंनी तुला शाळेत बोलावलं होतं, आणि मी फाटकातच तुला म्हटलं होतं, “हात पदराखाली घे.” तू घेतलेस. घरी आल्यावर मात्र सूप बाजूला ठेवून माझ्यासमोर दोन्ही मुठी धरल्यास. “लाज वाटती व्हय गं? घट्टे हायत ह्ये, कामाचे. ज्येच्या हाताला घट्टा न्हाय, त्येनं फुकटचं खाल्लं म्हणायचं.” मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यानंतर तुझ्या गाठींना कुणी नावं ठेवली की मीच अंगावर धावून जायची.

म्हणून तर एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या सुट्टीत तुझ्याशेजारी बसून बिड्या वळताना माझ्या उजव्या मुठीवर दोन बारीक गाठी उठल्या, तेव्हा मला कोण आनंद झाला. तू माझा हात ओढून उजेडात धरलास आणि ओरडलीस, “अगं बया! हात बसला की गं पोरीचा!” काम अंगवळणी पडलं की हात बसला म्हणायचं, आणि आपल्या गल्लीत गाठ उठली की तर नक्कीच बसला. घरोघर सांगून आलीस. शेंगाच्या पोळ्या केल्यास. वैरागच्या आजीची, तुझ्या आईची, पानं कापायची कात्री, जी तू कुणाला हात लावू देत नव्हतीस, ती मला दिलीस. मी ती उशाशी घेऊन झोपले, वेडी.

त्याच थंडीत एका सकाळी तू म्हणालीस, पित्त झालंय. ओवा चावलास, परत मांडी घातलीस, आणि सुपावर वाकलीस ती उठलीच नाहीस. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, पुण्यवान गं बाई, बसल्या जागी गेली, हिची आई पण अशीच गेली. मला त्याचा आधार वाटला होता. दोन पिढ्या सुखाचं मरण आलं, असं मीही पुढं लोकांना अभिमानानं सांगत राहिले.

आता ऐक. गेले आठ महिने मी इथं सोलापुरातच एका संशोधनाच्या कामावर आहे. स्नायू हाडाला ज्या दोरीनं बांधलेला असतो, जिला आपण सरसकट शीरच म्हणतो, ती दोरी विणकरांची आणि विडी कामगार बायकांची का झिजते, का तुटते, शिवल्यावर कशी जुळते, याचा अभ्यास चाललाय. मी बायकांचे हातपाय बघून फॉर्म भरते. त्यात ‘गाठ’ असा एक रकाना आहे. तिथं मी न चुकता लिहायची, ‘घट्टा, कामामुळे.’ तूच शिकवलं होतंस ना!

महिन्यापूर्वी आमच्या डॉक्टर मॅडमनी असा एक फॉर्म माझ्यापुढं आपटला. “हात लावून बघितलं होतं का?” म्हणाल्या. ती बाई समोरच बसली होती. मॅडमनी तिला मूठ उघडझाप करायला लावली आणि माझं बोट तिच्या गाठीवर ठेवलं. गाठ दोरीबरोबर पुढं-मागं सरकत होती. “घट्टा कातडीत असतो, काम सुटलं की मऊ पडतो. ही आत, दोरीत आहे. रक्तातली चरबी साचलीय. घराण्यातून येतं हे. दोरीत साचते तशी ती हृदयाच्या नळ्यांतही साचते.” मग त्यांनी बाईला विचारलं, घरात कमी वयात कोण गेलंय का. बाई हसून म्हणाली, “आय गेली की माजी. बसल्या जागी. लई पुण्यवान.”

मी टेबलाखाली माझा हात उघडला, मिटला. तू गेल्यापासून मी एकही बिडी वळलेली नाही, आई. चोवीस वर्षं झाली. गाठी गेलेल्या नव्हत्या, आणि सरकत होत्या.

रक्त तपासून घेतलं. मॅडम म्हणाल्या तेच निघालं. गोळी सुरू झालीय माझी, रोज घ्यायची, जन्मभर. वेळेवर कळलं तर निभावतं म्हणतात, आणि जितक्या लहान वयात कळेल तितकं बरं. मुलांत उतरायची शक्यता निम्मी निम्मी. मी जुने फॉर्म उपसून बायकांना फोन करते, पोरांना पण घेऊन या म्हणून दटावते. एक म्हणाली, पोरगी धडधाकट हाय, कशाला उगं भ्या दाखवताय? तिला मी असं झापलं की ती दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लेकीला घेऊन दारात हजर.

आणि माझी लेक? एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजच्या खो-खोच्या संघात पळते. बिडी कशी वळतात हे तिनं बघितलंसुद्धा नाही. मागच्या रविवारी सरावावरून आली आणि पाय माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, “आई, टाच धरतीय गं, जरा चोळ की.” मी टाचेच्या वर हात लावला. दोन्ही पायांना लागली, जाड, गाठाळ. पाऊल हलवायला सांगितलं नाही मी. तिनं विचारलं, “काय आहे गं ते?” मी म्हटलं, “बुटानं घासलं असेल.” तर खिदळायला लागली. “आज्जीचा हात बसला, तसा माझा पाय बसला की!” मी पण हसले, आई. तेल कोमट करून आणलं आणि चोळत बसले.

तिच्या तपासणीची चिठ्ठी आठवडाभर तुझ्या कात्रीखाली पडलीय. आज-उद्या करत दिवस जातायत. तिला सांगायचं म्हणजे तू कशी गेलीस तेही सांगायला लागणार, आणि तुझे घट्टे घट्टे नव्हते हेही. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तेव्हा तेही तिथंच ठेवीन. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तुझा दोष नाही. मला सगळं ठाऊक होतं. एवढंच कबूल करते, की ‘बुटानं घासलं असेल’ म्हणताना माझा आवाज अगदी तुझ्यासारखा लागला आणि क्षणभर मला बरं वाटलं. आत्ताही ती बूट बांधून मैदानावर गेलीय, आणि मी तिला थांबवलं नाही.