त्रैक्य आणि दाजींची मोठी अंडी

कोरीट, सोमवार

प्रिय फत्तेसिंग दाजींस,

मेहुणा नवलसिंग याचा प्रभूच्या नावाने सलाम. नवापूरला तुमची, मीनाताईची आणि पोल्ट्रीतल्या कोंबड्यांची तब्येत बरी असेल, असं धरून चालतो. (कोंबड्यांची आहेच. पुरावा काल सगळ्या मंडळीने पाहिला.)

विज्ञानाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून मी चर्चमध्ये बायबलातला एकेक चमत्कार समजावून सांगतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. समुद्र दुभंगला तो वाऱ्याने, पाच भाकरी पुरल्या त्या लोकांनी आपापली शिदोरी सोडली म्हणून. लोक माना डोलवायचे. पण खरं सांगतो, वर्षभर माझीच प्रार्थना कोरडी पडली होती. डोळे मिटले की देवाऐवजी फळा दिसायचा. हे घरातही कोणाला बोललो नव्हतो.

काल त्रैक्याची पाळी होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे सांगायला मी अंडं निवडलं. कवच, पांढरं, बलक. गोष्टी तीन, अंडं एक. तुमच्याकडे अंडी मागितली, तर देवाच्या कामाला म्हणून तुम्ही ट्रेमध्ये न बसणारी, सगळ्यांत मोठी निवडून पाठवलीत. सगळ्यांसमोर काचेच्या ताटलीत पहिलं फोडलं. बलक दोन. हसून दुसरं फोडलं. पुन्हा दोन. (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगा अशी जोडबलकाची अंडी घालतात आणि तुम्ही ती घरी खायला ठेवता, हे ताईने आज फोनवर सांगितलं. आज.)

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रमिलाबाईंनी अगदी काळजीने विचारलं, "गुरुजी, आते देव चार शेतस का?"

कोणी हसलं नाही, दाजी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उत्तर शोधू लागलो आणि तोंडातून निघालं, "बाई, मला माहीत नाही. तीन मिळून एक कसा, तेही माहीत नाही."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मंग बरं शे. माले वाटे, मालेच समजस नही."

आणि त्यांनी गुडघे टेकले. मागोमाग सगळ्या मंडळीने. मीही चिकट हातांनी टेकले. प्रार्थनेला एक शब्द सुचला नाही, पण फळाही दिसला नाही. समोर कोणीतरी होतं. तो माझ्या ताटलीत मावत नाही, याचं केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. दुपारी गाढ झोपलो.

तुमचा,
नवलसिंग

ता. क. उरलेल्या अंड्यांची भुर्जी केली. फक्कड झाली.

ता. ता. क. पाळकसाहेबांनी पुढचा रविवारही मलाच दिला आहे. विषय पुनरुत्थान. नको म्हणायला हवं होतं, पण तेवढ्यात दोन मुद्दे सुचले. म्हणून हे पत्र. मास्तरने सगळं समजावून टाकलं, आता चर्चमध्ये देवाला भेटायला उरलंय काय, असं म्हणून तुम्ही यायचं सोडलंत, हे ताईने सांगितलं आहे. रविवारी या. पुढेच बसा आणि मी समजावायला लागलो की जोरात खोका. तरी थांबलो नाही, तर तुम्हीच उठून प्रार्थना सुरू करा. तुमची प्रार्थना ऐकून फार दिवस झाले.