सुखीआत्याचा विस्तव

फुलसावंगी
ता. १३ जानेवारी १९५९

ती. नलूताईस,
भीमराजचा सविनय जय भीम. वि. वि. येथील सर्व मंडळी खुशाल, तुमची खुशाली कळवीत जावी.

आपल्या जयाच्या मुलीचं नाव येत्या रविवारी ठेवायचं ठरलं. विजयमाला. त्रिसरण-पंचशील झालं की अंगणात रोडग्यांचं जेवण. भाऊजींना ताप आहे, तुला मारेगावहून निघता येणार नाही, हे कळल्यापासून जया तोंड पाडून बसली आहे.

रोडग्यांचा विस्तव सुखीआत्याच्या ताब्यात गेला आहे, म्हणजे आमची धडगत नाही. मी रोडगे भाजायला गोठ्यापाशी खड्डा खणला होता. आत्या आली, चिमूटभर राख हवेत सोडून वारा कुठला ते पाहिलं आणि मला वेड्यात काढलं. वारा कापसाच्या ढिगाकडं जाऊन राह्यला, तुले दिसत नाही काय, म्हणे. खड्डा बुजवून विहिरीकडं नवा खणायला लावला. गोवऱ्यांवर शिंपडायला ठेवलेली घासलेटची बाटली उचलून घरी घेऊन गेली. बायांनी पदर खोचून यायचं, पोरांनी राखेच्या रेघेच्या आत यायचं नाही, पाण्याच्या घागरी आणि ओलं पोतं हाताशी हवं. मी म्हटलं, आत्या, हे रोडगे आहेत की लढाई? तर तिनं मला खराटा दाखवला.

थंडी फार आहे. आईनं बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पोत्यानं बुजवली आहे. रोडगे निघाल्यावर उरलेले निखारे घमेल्यात भरून जयाच्या बाजेखाली ठेवायचं तिनं ठरवलं आहे. एवढा विस्तव वाया कशाला घालवायचा?

भाऊजींना जपावं. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
भीमराज

मारेगाव
ता. १६ जानेवारी १९५९

चि. भीमराज यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि. तुझं पत्र आत्ताच मिळालं, आणि चुलीवरची भाजी तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

आत्याला हसू नकोस. तिच्यासारखी बाई आपल्या घरात दुसरी नाही. पण निखारे खोलीत नेऊ नका. आईला माझी शपथ घाल. धूर दिसत नाही म्हणून विस्तव निरुपद्रवी होत नाही. बंद खोलीत तो माणसाचा श्वास खातो, आणि झोपलेल्याला कळतही नाही.

तुला माहीत नाही, आईलाही नाही, कारण तेव्हा ती या घरात आली नव्हती. आत्याला एक मुलगा झाला होता. अशाच थंडीत सासूनं मायेनंच शेगडी आत ठेवली आणि दार लावून घेतलं. सकाळी आत्याला कशीबशी शुद्ध आली. मूल रडलंच नाही. लोकांनी नजर लागली म्हणून सांगितलं. तिनं मात्र ती शेगडी डोक्यात ठेवली. माझ्या बाळंतपणात ती रोज माझी खिडकी उघडी आहे का ते पाहून जायची, तेव्हा मला हे सांगितलं. मला ती बाई फार मोठी वाटते. आपलं दुःख कोणाला दाखवलं नाही, पण दुसऱ्याचं लेकरू राखलं.

हे पत्र रविवारच्या आत पोचू दे. जयासाठी नवी गोधडी पाठवते, ऊब तिनंच येईल.
ह्यांचा ताप उतरला आहे. लहानांना पापा, मोठ्यांना नमस्कार.
तुझी,
नलूताई

फुलसावंगी
ता. २१ जानेवारी १९५९

ती. नलूताईस,
सविनय जय भीम. आधी हे वाच, जया आणि बाळ सुखरूप आहेत. तुझं पत्र काल आलं. रविवार होऊन गेला होता.

रोडगे असे झाले की गाव अजून बोटं चाटत आहे. विस्तव निवला की विझवायला येते, असं सांगून आत्या घरी गेली. दिवस कलताना घागर घेऊन आली, तर खड्डा रिकामा. आई म्हणाली, बघा वन्सं, तुमचं काम उरलंच नाही. मीही हसलो. रिकामा खड्डा पाहून मला तर बरंच वाटलं होतं.

आत्या हसली नाही. विस्तव कुठं गेला, एवढंच तिनं विचारलं. आईनं खोलीकडं बोट दाखवलं मात्र, आत्यानं घागर टाकली आणि पळाली. या वयात ती अशी पळेल असं मला वाटलं नव्हतं. दार लाथेनं उघडलं. जया हाक मारूनही डोळे उघडत नव्हती. आत्यानं बाळ उचललं, मी आणि आईनं जयाला ओढत अंगणात आणलं. उघड्यावर जयाला उलटी झाली, मग डोकं फुटून राह्यलं, असं ती पुटपुटली. बाळाची मान मात्र लुळी होती. आत्या तिला हातावर पालथी धरून पाठ चोळत होती. ताई, इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो.

मग पोर रडली.

आई रडतच पुढं झाली, तिला थोपटून गप करायला. आत्यानं हात आडवा धरला. रडू द्या तिले, म्हणाली, मले आयकू द्या.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. काल तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठली, खिडकीतलं पोतं काढून गोठ्यात टाकलं आणि विजयमालेला उचलून आत्याच्या घरी घेऊन गेली. पोर वाटभर रडत होती. आईनं तिला गप केलं नाही.

तुझी माया आमच्यावर अशीच राहू दे.
तुझा,
भीमराज